बोटात शस्त्र नेण्यास मनाई

किल्ल्याच्या धक्क्यावर नवी पाटी लागली, त्या सकाळी माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट बंदूक झालं.

अख्खं बोट नाही. मधल्या पेरापर्यंत ते माझंच होतं, सुरकुत्या आणि एक जुना तीळ धरून. तिथून पुढं काळी, गार नळी. अंगठा मागे ओढला की ‘खट्’ असा आवाज यायचा. बंदुकीला घोडा असतो, त्याचं काम आता अंगठ्याकडे आलं होतं. मी दात डाव्या हातानं घासले. सुरक्षिततेचे एवढे नियम मला पाटी न वाचता कळतात.

“कुठलं बोट?” बायकोनं, कमलिनीनं, स्वयंपाकघरातून विचारलं.

“दाखवायचं.”

“मग ठीक आहे. त्याचं हे कधीतरी होणारच होतं.” ती हात पुसत बाहेर आली आणि नळीत डोकावली. “भरलेली आहे का?”

“दाबून बघू?”

“काही नको. छताला आत्ताच रंग दिलाय.” तिनं नळीवर माझा धुतलेला रुमाल बांधला. “चला आता. बोट सुटेल.”

ती सुटायची बोट म्हणजे शंखगडाची. गड समुद्रात आहे आणि धक्क्यावरून मोटरबोटीनं जावं लागतं. गावाला पर्यटक येतात ते या गडासाठी. आम्ही दोघं दर शनिवारी तिथल्या तोफेला टेकून पोहे खातो. त्या तोफेइतका पाठीला आधार आपल्याला जन्मात कुणी दिला नाही, असं कमलिनी म्हणते. मी पोहे खात राहतो.

धक्क्यावर पाटी होती. पिवळ्यावर लाल अक्षरं, अजून ओली:

‘किल्ल्यावर जाताना बोटात शस्त्र नेण्यास मनाई आहे.’

पाटीला शिडी लावून पेंटर चेंदवणकर वर बसला होता आणि कडेला वेलबुट्टी काढत होता. खाली टेबलामागे धक्क्याचे व्यवस्थापक मोंडकर. त्यांच्या शेजारी पहारेकरी साळसकर अडकित्त्यानं सुपारी कातरत होता.

“तात्या, रुमालात काय आहे?” मोंडकरांनी विचारलं.

“बोट.”

“आणि बोटात?”

मी रुमाल थोडा वर केला. मोंडकरांनी मान हलवली. आश्चर्य वगैरे काही नाही. दुधात पाणी निघाल्यावर हलवतात तशी.

“पाटी वाचलीत ना?”

“वाचली. चुकलीय,” मी म्हणालो. “तुम्हाला ‘बोटीत’ म्हणायचंय. ती बोट. माझं हे ते बोट. त्या बाईमाणसाचं तुम्ही ‘ते’ केलंत.”

“पाटी मंजूर होऊन आलीय, तात्या.”

“काल गावात एकाच्याही बोटात बंदूक नव्हती.”

“म्हणजे पाटी अगदी वेळेवर लागली,” मोंडकर म्हणाले.

एवढ्यात गुलाबी फेट्यातला एक माणूस खांद्यावर दुनळी बंदूक घेऊन टेबलापाशी आला. लग्नाआधीच्या फोटोंसाठी किल्ल्यावर निघालेल्या मंडळीतला हा नवऱ्या मुलाचा मामा. साळसकरनं त्याला सुपारी दिली. मामा बोटीत जाऊन बसला आणि बंदूक त्यानं मांडीवर आडवी घेतली.

“हे?” मी विचारलं.

“त्यांची खांद्यावर होती. खांद्याबद्दल पाटी काही म्हणत नाही.”

“किल्ल्यावर बंदूक चालते?”

“चालत असावी. वर तोफ आहे.”

“धक्क्यावर?”

“धक्का नगरपालिकेचा. त्यांनी अजून काही कळवलेलं नाही.”

“बोटीत?”

“बोटीतही चालते. बोटात नाही चालत.” मोंडकरांचा आवाज दुखणाईताशी बोलावं तसा मऊ झाला. “त्यापेक्षा असं करा, बोट इथं जमा करा. येताना घेऊन जा.”

त्यांच्या मागे मिठाईवाल्याकडे असतं तसं काचेचं कपाट होतं. फळ्यांवर चहाचे छोटे ग्लास आणि प्रत्येक ग्लासात एक बोट, वर तोंड करून उभं. काहींना नळी होती. पण बरीचशी साधीच होती, नखाबिखासकट.

“साधी कशाला घेतलीत?”

“नको म्हणत होतो. पण लोकांना रांग दिसली. कशाची आहे विचारलं नाही, हात पुढं केले.”

“दुखत नाही,” साळसकर म्हणाला आणि अडकित्ता उघडून मिटून दाखवला. “कोवळी सुपारी जड जाते याच्यापेक्षा.”

“परत किती जणांनी नेली?”

“आजगावकर गुरुजी आले होते मघाशी,” मोंडकर म्हणाले. “कपाटापुढं बराच वेळ उभे राहिले. यातलं माझं कुठलं ते दाखवता येत नाही म्हणाले. मग गेले घरी. चांगले हसत गेले.”

खालच्या फळीवर एका बोटाच्या नखात खडू अडकलेला होता. या बोटानं मला सहावीत बाकावर उभं केलं होतं. आता ते कुणाकडेच बघत नव्हतं.

“मी देणार नाही,” मी म्हणालो.

म्हणताक्षणी धक्क्याच्या टोकाचा दगड पाण्यात गेला. आवाज झाला नाही. धक्का तेवढा आखूड झाला.

“भरती,” साळसकर म्हणाला. समुद्र होता तिथंच होता.

कमलिनी तोवर डबा घेऊन बोटीत बसली होती. तिच्या बोटांत तिची बोटंच होती. बोटवाल्यानं दोर हातात घेतला. “तात्यानू, येतास की रवतास?”

“येतोय. बोटासकट.”

आणखी एक दगड गेला. मागची रांग एक पाऊल पुढं सरकली. एक बाई माझ्या पाठीला पिशवी लावून म्हणाली, “काका, द्या ना एकदाचं. घरी आणखी नऊ आहेत की.”

“घरी नाहीत, इथंच आहेत,” मी म्हणालो. “त्यातलं एकही दाखवण्याच्या कामाचं नाही.”

या बोटानं मी गावाच्या चुका दाखवत आलो. त्यामुळे मला लग्नांना बोलावतात, पण पंगतीत मागे बसवतात. तेही मला चालतं. पण बोट ग्लासात उभं करून पोहे खायला जायचं, हे मला चालण्यासारखं नव्हतं.

“चेंदवणकर,” मी वर बघून हाक मारली. “दुरुस्तीला किती वेळ लागेल?”

“कसला वेळ! काना आहेच. त्याच्यावर एक फेटा चढवला की झाली वेलांटी. ब्रश ओलाच आहे.” त्यानं खाली बघितलं. “पण साहेबांची सही पाहिजे. मागे मी एका ‘सूलभ’चा दीर्घ उकार आपल्या मनानं दुरुस्त केला, तर अजून पैसे अडकलेत.”

“मोंडकर, करा सही.”

मोंडकरांनी घाम पुसला. तोवर धक्का आमच्या घराच्या ओटीएवढा उरला होता आणि रांगेतली माणसं एकमेकांच्या पायांवर शांतपणे उभी होती.

“तात्या, जरा माझ्या बाजूनं बघा. ‘बोटीत’ केलं की त्या मामांना उतरवायला हवं. त्यांचं वऱ्हाड केवढं आहे बघितलंत? आणि ही सगळी बोटं मी कुठल्या नियमानं घेतली, असं उद्या कुणीतरी विचारेल.”

“कोण विचारेल?”

मोंडकर माझ्या रुमालाकडे बघत राहिले.

“म्हणून तेवढं एक द्या,” ते म्हणाले. “मग चूक राहणारच नाही.”

“नाही.”

दोन दगड एकदम गेले. टेबल गेलं. आता एकाच दगडावर मी, मोंडकर, साळसकर, कपाट आणि शिडीसकट पाटी होती. रांग आमच्या मागे कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि तक्रार करत नव्हती. साळसकरचा अडकित्ता माझ्या मनगटाला लागत होता. त्याला मागे व्हायला जागा नव्हती, हे मी मान्य करतो.

“अहो!” कमलिनी बोटीतून ओरडली. “केव्हापासून नुसतं सांगताय. चूक सांगून कुणाला कळलीय? दाखवा!”

मी दातांनी रुमाल सोडला आणि पाटीवरच्या कान्याकडे बोट दाखवलं.

मामानं आपली दुनळी मांडीवरून हळूच बसायच्या फळीखाली सरकवली. चेंदवणकरनं शिडीवर दोन्ही हात वर केले; ब्रशातला लाल रंग त्याच्या कोपरावरून मोंडकरांच्या शर्टावर ठिबकायला लागला. कपाटात ग्लास किणकिणले. बोटं वळत होती. नळीवाली वळली, साधी वळली, सगळ्यात शेवटी खडूवालं वळलं आणि सगळी पाटीकडे झाली.

“सही करा,” मी म्हणालो.

“कशानं करू?” मोंडकरांनी इतका वेळ खिशात ठेवलेला उजवा हात बाहेर काढला. अंगठ्याशेजारी जागा रिकामी होती. “पहिलं माझंच घेतलं पाटी मंजूर करणाऱ्यांनी. उद्घाटनाला.”

पायाखालचा दगड किंचित हलला.

“तात्या,” चेंदवणकर वरून हलक्या आवाजात म्हणाला, “जरा वर धरा हां. काना उडाला तर नुसतं ‘बोटत’ राहील. त्याला काही अर्थच नाही.”

“अर्थ नसलेली पाटी मला चालेल,” मी म्हणालो.

अंगठा मागे गेला. खट्.

कपाटातून त्याला जितकी बोटं तितकेच खट् आले.

कमलिनीनं डबा दोन्ही पावलांमध्ये घट्ट धरला आणि बोटीत बसल्या बसल्या दोन्ही कानांत बोटं घातली.