घाईची माणसं

गौरवी पहिल्यांदा आमच्या खोलीत आली तेव्हा मी तिला हाकलणारच होते. डिचोलीच्या कारखान्यांमागच्या चाळीत शिकलेली माणसं येतात ती मतं मागायला, नाहीतर नाक दाबायला. ही जवळच्याच सर्वण गावची पोरगी प्रश्नावली घेऊन आली.

काही माणसं पुढची वर्षं बघून सावकाश जगतात, काही आजच्यापुरतं घाईनं, असं एक शास्त्र म्हणतं. सावकाश जगणाऱ्यांचं आईबापांशीही चांगलं पटतं, असंही ते मानतं. कोण कसं, ते ही प्रश्नावली मोजते म्हणे. ती खरंच तेच मोजते का, हे गौरवीला तपासायचं होतं. तिचा प्रबंध तोच. तो यंदा सादर झाला तर कॉलेजातली नोकरी पक्की होणार होती. मी रविवारी तिला कामगारांच्या खोल्या दाखवायचे.

सुरुवात माझ्या आईपासून झाली. आई गडहिंग्लजकडची, कारखान्यात पॅकिंगला.

"उषामावशी, पुढच्या वर्षांचा विचार करून तुम्ही आज कामं करता? एक ते सात, किती?"

"एक घाल, बाई. फुडचं कुणी बघितलंय?"

"आई, नीट विचार करून सांग की!"

"तू गप. सात म्हटलं की दृष्ट लागती."

गौरवीनं एक लिहिलं. मग आईच्या मांडीवरची वाकळ बघून विचारलं, "ही कुणाक?"

"सुप्रियाच्या पोराला." आईनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"लग्न ठरलं सुप्रियाचं?"

"कुठलं! हिच्या जिभेपुढं टिकणारा गावायला नको? पन गावला, तर वाकळ काय एका दिसात शिवून हुती?"

गौरवी हसली. मग त्या 'एक'भोवती तिनं पेन्सिलीनं गोल काढला.

पेडण्याला मीही तिच्याबरोबर गेले. तिथल्या एका जुन्या घरात, गोकुळदासबाबांकडे, उलटंच. पाहुणी आली म्हणून सगळं घर सोप्यावर जमलं, शेजारचा बाबलीही आला. एकट्याला प्रश्न विचारायची सोयच नाही.

"वडिलांशी तुमचं किती पटतं?"

"सात! लिही गो, सात!" गोकुळदासबाबा म्हणाले.

"आठ आसा तर आठ घाल!" बाबली म्हणाला, आणि बायका पदराआड हसल्या.

त्या का हसल्या ते आम्ही विहिरीवर पाणी प्यायला गेलो तेव्हा कळलं. मागच्या पडवीत मध्ये भिंत घातलेली, आणि भिंतीपलीकडे गोकुळदासबाबांचे म्हातारे वडील वेगळ्या चुलीवर स्वतःची पेज ढवळत होते. म्हणाले, "पोटचो झील, पण माझ्याशी बोलना. पण तू सोप्यार सांगू नको हां, चेडवा. घराची अब्रू जाता."

आकडे पणजीला गेले. गौरवीचे मार्गदर्शक खूश. पेडण्या-डिचोलीची जुनी घरं सावकाश, बाहेरून आलेले कामगार घाईचे. पुस्तकात आहे तसंच आलं, म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "छाप मग! आयुष्यभर दुसऱ्यांचे खोके भरणारी माझी आई उद्याचा विचार न करणारी बाई! आणि गोकुळदास पितृभक्त! तुमच्या शास्त्राला लाज नाही?"

गौरवी भांडली नाही. ती सगळ्या घरांत परत गेली. या वेळी माणूस स्वतःबद्दल काय म्हणतो ते विचारलंच नाही. काय केलं, कुणासाठी, कधीपासून, एवढंच विचारलं. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली. जुळेनात. उद्याचं बोलायला कोण घाबरतं आणि शेजाऱ्यांसमोर कोण लाजतं, तेवढंच त्या प्रश्नावलीनं मोजलं होतं. तिनं प्रबंधात त्यावर एक प्रकरण लिहिलं.

मार्गदर्शक म्हणाले, "हे प्रकरण वगळ, नाहीतर यंदा प्रबंध विसर."

तिनं वगळलं नाही. प्रबंध अडला, नोकरी दुसऱ्याला गेली. हे सांगायला ती आमच्याकडे आली तेव्हा आई ओरडलीच. "येडी हायस काय गं? आमच्यापायी नोकरी घालवलीस?"

"तुमच्यापायी नाय, मावशी. खोटं होतं म्हणून."

आईनं चहा टाकला, सकाळचे पावाचे उंडे तव्यावर गरम केले आणि गौरवी नको म्हणत असताना तिसरा तिच्या ताटलीत ठेवला.

मी ते प्रकरण वाचलं. आईचं नाव कुठं नाही. एक वाक्य आहे: 'या बाईंचं उत्तर चुकलेलं नाही, आमचा प्रश्न चुकला आहे.' आमच्यावर अहवाल पुष्कळ झाले. चूक आमची, असंच प्रत्येकात. शिकलेल्या माणसानं चूक स्वतःकडे घेतलेली मी पहिल्यांदा वाचली, आणि त्यासाठी तिनं काय गमावलं ते मला ठाऊक होतं.

आभार मानायची मला सवय नाही. शब्द तोंडात फिरत राहिले. शेवटी तिला सोडायला स्टँडवर गेले तेव्हा म्हणाले, "गौरवी, तू आमच्या आईला माणसासारखं वाचलंस."

तिनं मान खाली घातली. बस येईपर्यंत तिची कागदांची जड पिशवी मी माझ्याच खांद्यावर ठेवली.