एकच मऊ टायर

तिला सगळे ठिणगी म्हणत. राग नाकावर असणाऱ्या माणसाला लोक सहसा पाठीमागे नावं ठेवतात. हिला नाव तोंडावरच ठेवलं होतं, आणि ठेवणारा तिचा सख्खा थोरला भाऊ. डोंगरातल्या पायवाटांवरून लोकांना सायकलवर फिरवून आणायचा, हा दोघांचा धंदा. दादा दुकान बघायचा: सायकली, सुटे भाग, दुरुस्ती. ठिणगी माणसं बघायची. म्हणजे त्यांना वर न्यायची आणि हातपाय शाबूत ठेवून खाली आणायची.

काल एक हात शाबूत आला नव्हता.

त्यांच्या वाटेवर एक भलामोठा उतरता खडक लागतो. वरच्या झऱ्याचं पाणी त्यावरून बाराही महिने झिरपतं, त्यामुळे तो गुळगुळीत आणि कायम ओला. भावंडांनी त्याचं नाव आरसा ठेवलं होतं. आरशावरून उतरायची त्यांची पद्धत ठरलेली. आधी ठिणगी एकटी उतरायची. आज खडक धरतोय की सोडतोय, हे हँडलमधून तिच्या तळहातांना कळायचं. खाली पोचली की वळून उभी राहायची. भरवसा वाटला तर एक हात वर करायची, मग वरच्यांनी एकेक करून यायचं. नाही वाटला तर दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करायची, मग सगळ्यांनी खाली उतरून सायकली हातात धरून बाजूनं चालत यायचं. यावर वाद घालायची सोय नव्हती.

काल तिनं एक हात वर केला होता. आणि कपडे शिवणाऱ्या एक बाई, वाटभर सगळ्यांना हसवत आलेल्या, आरशाच्या मधोमध पुढचं चाक निसटून आडव्या झाल्या. मनगट मोडलं. तेही उजवं. कात्री धरायचं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण ठिणगी घाबरली की तिला भीती वाटत नाही, रागच येतो. ती सगळ्यांदेखत त्या बाईंवर कडाडली, "मी आत्ता इथूनच आले ना? मला काही झालं का? पुढचा ब्रेक आवळलात तुम्ही! हजारदा सांगितलं होतं!"

वेदनेनं पांढऱ्या पडलेल्या त्या बाई म्हणाल्या, "हो गं, असेल. माझंच चुकलं असेल."

रात्रभर ते वाक्य ठिणगीच्या कानात वाजत राहिलं.

सकाळी ती दुकानामागच्या वर्कशॉपात गेली. एका भिंतीला भाड्याच्या सायकली खुंट्यांवर टांगलेल्या, खाली ग्रीसचे डाग पडलेली फरशी, कोपऱ्यात हवेचा पंप. बाईंची सायकल वाकड्या हँडलसकट तिथं उभी होती. हँडल सरळ करायला तिनं ती उलटी केली आणि, रोज आपल्या सायकलीला करते तसं, पुढच्या टायरवर अंगठ्याचं नख दाबलं. नख रुतलं नाही. दगडावर घासल्यासारखं घसरलं.

आता इथं हंगामाच्या आधीचं एक भांडण सांगायला हवं, नाहीतर तिचा राग समजायचा नाही. टायरचं रबर मऊ असलं तर ते खडकाला चिकटून राहतं, पण भराभर झिजतं. टणक असलं तर टिकतं मस्त, पण ओल्या दगडावर त्याचा काही नेम नाही. म्हणून ठिणगीचं म्हणणं एकच: पुढे मऊ, मागे टणक. मागचं चाक सरकलं तर माणूस सावरतो. पुढचं सरकलं तर सावरायला वेळच मिळत नाही, आधी जमीनच येते. दादाला मात्र दोन्हीकडे टणक हवे होते. "इथले दगड मऊ टायर खाऊन टाकतात," हे त्याचं पालुपद. दोघं इतकी भांडली की शेजारच्या न्हाव्यानं दुकान लवकर बंद केलं. शेवटी दादानं हात जोडले. "बरं बाई, तुझंच खरं. पुढे मऊ, मागे टणक. आता तरी जेवू दे."

टायर बदलायच्या वेळी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ठिणगी तिच्याजवळ जाऊन राहिली. परत आली तेव्हा सगळ्या सायकलींवर नवेकोरे टायर होते. तिनं आपल्या सायकलीच्या पुढच्या टायरला नख लावून पाहिलं. ते लोण्यात जावं तसं रुतलं. दादानं शब्द पाळला म्हणून तिनं त्याची पाठही थोपटली होती. बाकीच्या सायकलींना नख लावायचं तिच्या मनातच आलं नाही. मऊ काय नि टणक काय, दिसायला हुबेहूब सारखेच, तीच कंपनी, तीच नक्षी. आणि सख्ख्या भावाची कुणी तपासणी करतं का?

आता तिनं केली. खुंटीवरची पहिली सायकल, दुसरी, मग सगळीच रांग. नख सगळीकडे घसरलं. पुढे टणक, मागे टणक. अख्ख्या दुकानात मऊ टायर एकच होता, आणि तो तिच्या सायकलीला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आरशावरून कालही ती त्या मऊ टायरवर उतरली होती. खडक धरतोय, असं तिच्या तळहातांनी सांगितलं ते खोटं नव्हतं. पण ते फक्त तिच्यापुरतं खरं होतं. आणि तेवढ्या जोरावर तिनं हात वर केला होता.

दादा पुढच्या खोलीत चहा पीत बसला होता. तिनं बाईंच्या सायकलीचं पुढचं चाक काढलं आणि त्याच्यासमोर टेबलावर आदळलं. चहा सांडला.

"हे काय आहे?"

दादानं चाकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला कळायला वेळ लागला नाही. "हे बघ ठिणगे, आधी शांत हो."

"शांत गेलं खड्ड्यात! पुढे मऊ म्हणाला होतास."

"म्हणालो होतो. मग हिशोब मांडून बघितला. भाड्यानं नेणारे लोक ब्रेक कसे मारतात, बघतेस ना तू? मऊ टायर अर्ध्या हंगामात टकला होतो. टकल्या टायरवर लोकांना पाठवू? टायर टिकायला नको?"

"टिकला ना! टायर टिकला. त्या बाईंचा हात नाही टिकला!"

"त्यांनी ब्रेक आवळला. तूच म्हणालीस."

याच वाक्याची तिला धास्ती होती. तिचेच शब्द, तिच्याच भावाच्या तोंडून, ढालीसारखे पुढे केलेले. "मी म्हणाले, कारण तू मला आंधळं केलंस," ती ओरडली. "मी पुढे जाऊन बघते ती लोकांसाठी बघते ना? मग माझ्या चाकाला एक नि त्यांच्या चाकाला दुसरं, हे काय चाललंय?"

"तुझी काळजी घेतली, हा गुन्हा झाला का?" आता दादाचाही आवाज चढला. "रोज पहिली तू उतरतेस त्या खडकावरून. तुला काही झालं तर आईला काय तोंड दाखवू मी?"

ठिणगीनं टेबलावरचं चाक उचललं. दादाला वाटलं, चला, विझली. पण तो चुकला. इतका वेळ तिला वाटत होतं की दादाला टायरमधलं कळत नाही, चिक्कूपणानं त्याच्या डोळ्यांवर झापड आलीय. आता समजलं की त्याला सगळं कळत होतं. टणक टायरवर माणूस पडू शकतो हे त्याला इतकं नेमकं ठाऊक होतं, की बहिणीला त्यातून त्यानं मोजून बाजूला काढलं होतं.

तेवढ्यात बाहेर आजची मंडळी आली. दोन शिक्षिका, एक गवंडी आणि त्याची कॉलेजात जाणारी लेक. सगळे हेल्मेट हातात घेऊन हसत उभे.

ठिणगीनं आपल्या सायकलीचं मऊ टायरचं चाक काढून ठेवलं आणि बाईंचं चाक तिथं बसवलं. मंडळींना म्हणाली, "आज सायकली इथंच ठेवायच्या. आरशापर्यंत चालत जायचं. नंतर तुमचे पैसे परत मिळतील."

"अगं, वेड लागलंय का तुला?" दादा मागून धावला.

"तूही चल. तुझं काम आहे तिथं."

चढभर ती आपली सायकल ढकलत सगळ्यांच्या पुढे चालली. आरशाच्या माथ्यावर तिनं सायकल उभी केली आणि तिच्यावर बसली. पाणी नेहमीसारखं झिरपत होतं, खडक उन्हात लखलखत होता. मंडळी कडेला दाटीवाटीनं उभी राहिली. नेमकं काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, पण भांडण आहे एवढं कळत होतं.

"रोज मी खाली उभी राहते," ती दादाला म्हणाली. "आज तू राहायचंस. टायर चांगला आहे ना? मग खाली जाऊन हात वर कर. तू हात वर केलास की मी सुटते."

"तमाशा करू नकोस लोकांसमोर."

"काल लोकांसमोरच झालं सगळं. जा."

तिला दोन शब्द समजावून सांगणं कधीच कुणाला जमलं नव्हतं, दादाला तर नाहीच. तो कडेकडेनं, दगडांना धरत खाली उतरला. वळला. वर पाहिलं. त्याची धाकटी बहीण त्यानंच निवडलेल्या टायरवर बसून त्याच्याकडे बघत होती. एक पाय जमिनीवर, बोटं ब्रेकवर.

"कर हात वर!" ती ओरडली.

दादाचा हात मांडीपासून हलला नाही.

"अरे कर ना! टिकाऊ आहे टायर! कालच्या बाई उतरल्या त्यावरून, मग मी का नाही? कर!"

गवंड्यानं लेकीचा दंड धरून तिला मागे ओढलं. ठिणगीनं जमिनीवरचा पाय उचलला. चाक तसूभर पुढे सरकलं.

दादानं दोन्ही हात डोक्यावर नेले आणि फुली केली. एवढ्या जोरात केली की मनगटं एकमेकांवर आपटली. "थांब!" तो किंचाळला. "थांब, येऊ नकोस! थांब!"

ती थांबली. सायकलवरून उतरली, सायकल आडवी टाकली आणि चालत खाली गेली. दादाचे हात अजून वरच होते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते मायेचं नव्हतं आणि त्यालाही ते ठाऊक होतं.

"खाली घे ते हात," ती म्हणाली. "आता त्या बाईंकडे जायचंय. चूक त्यांच्या ब्रेकची नव्हती, आपल्या टायरची होती, हे त्यांना तू सांगायचंस. मी शेजारी उभी राहीन."