उजेड्या पंधरवड्यातला बांबू

हर्षल नावाचा तो पुण्याचा पोरगा तिसऱ्यांदा वही घेऊन दारात आला, तेव्हा बांबूकाम करणाऱ्या सिंधूताईंच्या मनात पाल चुकचुकली. एवढं काय विचारायचं असतं माणसानं? डालगं पाहिजे तर डालगं न्यावं, सूप पाहिजे तर सूप न्यावं. कसं करता, कशानं करता, कधी करता, हे लिहून घेणाऱ्याचा डोळा वस्तूवर नसतो, असा त्यांचा पक्का हिशेब होता.

लोणारहून सुलतानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर नवं हॉटेल उभं राहत होतं आणि त्याची आतली सगळी सजावट हर्षलकडे होती. पाहुणा खोलीत शिरला की त्याला इथली माती, इथलं रान, इथल्या माणसांच्या हातचं काम दिसलं पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. मातीनं लिंपलेल्या भिंती, सागवानी पलंग, आणि छताला टांगलेलं बांबूचं डालगं. आत दिवा. लोणारात आजवर डालग्याखाली कोंबड्या झाकल्या, या गड्याला तिथं दिवा दिसला! पण हॉटेलातल्या एका खोलीत नमुन्याचं डालगं टांगून त्यानं बटण दाबलं आणि विणीची जाळी चारी भिंतींवर पसरली, तेव्हा सिंधूताई मनात म्हणाल्या, लेकाचं दिसते मात्र झ्याक. तोंडानं त्या काही बोलल्या नाहीत.

बोलणार कशा? पाच वर्षांपूर्वी शहरातली एक बाई अशीच गोड बोलून नमुन्याची परडी घेऊन गेली होती. मोठी ऑर्डर पाठवते म्हणाली आणि तोंडाला पानं पुसून गेली. पुढं मेहकरच्या बाजारात सिंधूताईंना तीच परडी दिसली. तीच वीण, तोच काठ, फक्त प्लास्टिकच्या पट्ट्यांची. ती हातात धरून त्या भर बाजारात रडल्या होत्या. घरी कुणाला सांगितलं नाही.

"ताई, बांबू तोडायचा काही ठरावीक काळ असतो का?" हर्षलनं विचारलं.

सिंधूताईंनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "हे कायले लिहून घेऊन राह्यले तुमी?"

"लागेल म्हणून. सगळं नीट नोंदवून ठेवतोय."

कुणाला लागेल? पुण्याच्या कारखान्याला? त्यांनी शांतपणे सांगितलं, "उजेड्या पंधरवड्यात तोडावा. पुनवेच्या आसपास. रस भरेल रायते, वाकवाले सोपा जाते."

हर्षलनं ते लिहून घेतलं.

खरं होतं ते नेमकं उलटं. सिंधूताईंचे मालक कचरू हयात असताना त्या घरात पंचांगाला, मुहूर्ताला अजिबात थारा नव्हता. लग्नंसुद्धा बुद्धवंदना घेऊन, सोयीच्या दिवशी लावली. पण बांबूपुरता चंद्र पाळायचा. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायचा. उजेडात तोडलेल्या बांबूत गोडवा राहतो, त्याला भुंगा लागतो, आणि चार महिन्यांत सगळ्याचं पीठ होऊन खाली पडतं. बाकी सगळं सिंधूताईंनी खरं सांगितलं, एवढं एकच खोटं. चोरून करतील तर पाहुण्यांच्या गादीवर भुसा पडेल, आणि मग येतील इथंच नाक घासत! त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं.

महिन्यानं हॉटेलातून बोलावणं आलं. सिंधूताई सून सारिकाला घेऊन गेल्या. आवारात ताज्या बांबूचा ढीग पडला होता, ट्रॅक्टरभर.

"इथले शेतकरी उत्तमराव, त्यांच्या बांधावरचा," हर्षल खुशीत म्हणाला. "जून झालेला होता तेवढा सगळा घेतला. तुम्हाला कुठे फिरायला लागू नये म्हणून. चाळीसच्या चाळीस डालगी तुमचीच."

त्यानं एक लाकडी पाटी पुढं केली. तिच्यावर सिंधूताईंचं नाव होतं आणि खाली त्यांची बांबू निवडण्यापासून विणण्यापर्यंतची पद्धत. अशी एकेक पाटी प्रत्येक खोलीत लागणार होती. वही त्यासाठी होती.

सिंधूताईंना आधी वाटलं, हेही सोंग असेल. त्यांनी पाटी उलटी करून पाहिली. मागं कोरं लाकूड होतं.

"कधी तोडला हा?" त्यांनी विचारलं.

"पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. तुम्ही सांगितलं तसाच."

गप्प बसून विणता आलं असतं. पण पावसाळ्याच्या आत चाळीस खोल्यांत भुसा पडला असता, आणि वर पाटीवर नाव त्यांचं. शरमेनं त्यांना मान वर करवेना.

"साहेब, हा बांबू टिकत नाही. भुंगा लागते. अंधाऱ्यात तोडा लागते. म्या तुमाले खोटं सांगतलं."

"का?" हर्षलनं विचारलं.

"तुमी चोरसान वाटलं."

हर्षलनं त्यांच्या हातातली पाटी परत घेतली. "पण बांबू वाचोता येते," सिंधूताई घाईघाईनं म्हणाल्या. "वाहत्या पान्यात महिनाभर बुडवून ठेवा. गोडवा निंघून जाते. मंग भुंगा शिवत नाही."

हे अगदी खरं होतं. हर्षलनं वही उघडली, पेन टेकवलं, आणि न लिहिताच वही मिटली. "मी आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारून घेतो, ताई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. पाटी काखेत मारून तो आत गेला.

सिंधूताई सारिकाकडे वळल्या. सारिका ढिगाकडे बघत होती. तीन वर्षं ती सासूच्या शेजारी बसून विणत होती. बांबू आणायला मात्र सिंधूताई एकट्या जात.

"आत्याबाई, चंद्राचं हे मलेबी कधी सांगतलं नाही तुमी."

"राहून गेलं वं."

"अजून काय काय राहून गेलं?"

"काहीच नाही, माय. तुह्या गळ्याची आण."

सारिका "हाव" म्हणाली आणि फाटकाकडे चालू लागली. एरवी ती सासूसाठी थांबायची. आज थांबली नाही.