गवताची कड

कौल कमळाच्या नावाने पडला आणि गोदाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माघी गणपतीला चिपळूणकडच्या त्यांच्या वाडीतून गणपतीपुळ्याला पायी दिंडी जायची, आणि पादुकांचं तबक वर्षानुवर्षं गोदाच्याच डोक्यावर असायचं. मान मोठा, पण तबकवालीने अनवाणी चालायचं. आणि यंदा हा मान कोणाला? तर धाकट्या जावेला! सगळा संसार मुंबईत केला, नवरा रिटायर झाला म्हणून परवा-परवा गावी आली, आणि देवाने उजवं फूल तिलाच दिलं. देवालासुद्धा नव्याचं कौतुक, दुसरं काय!

वाटेत तर बघायलाच नको. जो तो कमळाच्या पाया पडतोय. "काय तेज आलंय गो हिच्या तोंडावर!" म्हणे तेज. घाम होता तो! गोदा सवयीने अनवाणीच तिच्या मागून चालत होती आणि मनात एकच धोशा, हिला झेपू नये, हिला झेपू नये.

तवसाळच्या अलीकडे सडा लागला. नुसता काळा कातळ, सावलीला झाड नाही, भर दुपारचं डांबर चरचरत होतं. इथली खुबी गोदाला सासूने शिकवलेली. रस्त्याच्या कडेला सुक्या गवताची पट्टी असते, तिच्यावरून पाऊल टाकायचं. कमळा मात्र डांबराच्या मधोमध चाललेली. सांगावं का हिला? अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात दिंडीचे म्होरके रावजी म्हणाले, "चाल बघा कमळावैनींची, राणीसारखी!"

गोदाने तोंड मिटलं आणि ती गवतावरून चालत राहिली.

फेरीबोटीने खाडी ओलांडून सगळे जयगडला मुक्कामी पोचले. दिंडीची रीत अशी, की तबक आणणारीचे पाय आधीच्या मानकरणीने धुवायचे. कपाळाला आठ्या घालून गोदा घंगाळापाशी बसली. कमळाने पाय पुढे केले. दोन्ही तळवे फोडांनी भरलेले, काही फुटलेलेसुद्धा. गोदाच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

"मेले, बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोललात, अक्का?" कमळा हळूच म्हणाली. "मला वाटलं, तुमचेही पाय दर वर्षी असेच होत असतील. अक्कांनी कधी हूं की चूं केलं नाही, मग मी कशी करू?"

गोदाला थोबाडीत बसल्यासारखं झालं. मान खाली घालून ती पाय धूत राहिली.

सकाळी कमळाला उभंच राहवेना. अशा वेळी तबक कोणाला द्यायचं ते तबकवालीनेच सांगायचं. "अक्कांना," कमळा म्हणाली, आणि तिला सामानाच्या टेम्पोत बसवलं. तबक गोदाच्या डोक्यावर आलं. हवं होतं तेच झालं की! पण मालगुंडात बाया ओवाळायला आल्या त्या विचारत, "फोड घेऊन चालली ती बाई कुठली गो?" आणि पळाल्या टेम्पोकडे. डोक्यावर देव असून गोदाकडे कोणी बघेना. मेली बसल्या जागी मान खाते! गोदाचा जीव पुन्हा जळला, आणि जळला म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

ऊन चढलं. डांबर तापलं. गोदाचं पाऊल आपसूक कडेला वळत होतं, तेवढ्यात मागून टेम्पोतून हाक आली.

"अक्का, कडेला गवत आहे हो! त्याच्यावरून चला, पाय भाजतील!"

गोदाने ऐकलं. वळलेलं पाऊल तिने मागे घेतलं आणि ती डांबराच्या मधोमध चालू लागली.