जाळीच्या खोलीतला डास

डॉक्टरबाईंनी जन्मभर डास मारले, आणि त्या दिवशी सकाळपासून त्या एक डास शोधत होत्या. हौस नव्हती हो, जीव टांगणीला लागला होता.

दवाखान्याच्या जाळीच्या खोलीत, तिथेच रक्त तपासणाऱ्या भिंगबाबांची धाकटी नात होती. दोन वर्षांपूर्वी थोरली हिवतापाने गेली, तेव्हापासून घरात पोर म्हणून उरलेली ही एकटीच. मांडीचं हाड मोडून आली, तेव्हाच अंगात हिवताप. बाईंच्या गोळ्या तीन दिवस दिल्या, ताप उतरला, रक्त स्वच्छ झालं. पाय वजनाला टांगलेला, म्हणून पोर तेव्हापासून याच खोलीत खाटेवर होती. आणि आज, बाविसाव्या दिवशी, ती पुन्हा कुडकुडायला लागली.

'बाईंच्या गोळ्या' हे नाव लोकांनीच पाडलं होतं. या गोळ्यांच्या संशोधनात बाईंची सव्वीस वर्षं गेली. लग्न राहिलं, आई गेली तेव्हाही बाई रक्ताच्या थेंबांत डोकं घालून बसलेल्या. शंभरातल्या सत्त्याण्णव जणांना गुण येतो, हे त्या छाती ठोकून सांगायच्या. पण त्या हिशेबात एक नियम त्यांचाच होता. ताप चौदा दिवसांनंतर उलटला, तर औषध हरलं नाही, नवा डास चावला. वहीत 'नवा चावा' लिहायचं आणि त्याच गोळ्या पुन्हा द्यायच्या. डासांचा सगळीकडे सुळसुळाट, मग हरकत घेणार कोण?

पण या खोलीत डास येणार कुठून? एकामागे एक दोन दारं, बारीक जाळी, आणि रोज सकाळी बाई स्वतः बॅटरी घेऊन कानाकोपरा धुंडायच्या. "इथे डास शिरला तर मी मिशा लावीन," असं पाहुण्यांना ऐटीत सांगायच्या. आता त्याच बाई खाटेखाली रांगत होत्या, जाळीत भोक चाचपत होत्या. आज डास सापडून काही सिद्ध होणार नव्हतं, चावल्यावर ताप यायला दहा-बारा दिवस लागतात. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी शोधत होत्या.

"उठा बाई." भिंगबाबा दारात उभे होते. सव्वीस वर्षं दवाखान्यातल्या भिंगाला डोळा लावून म्हाताऱ्याला पोक आलं होतं. "रक्ताची काच बघितली. जंतू आहेत. खच पडलाय नुसता."

"एखादा आला असेल हो कुणाच्या कपड्यांवर बसून."

"तुमच्याच कोटावर बसून आला म्हणा की."

एरवी दोघंही हसली असती. बाई फरशीवरच बसल्या.

"बाबा, डास नाही आला. माझ्या गोळ्याच हरल्यात. आजच्या नाहीत, कधीपासूनच्या कोण जाणे."

मग त्यांनी कपाटातून हिवतापावरचं जुनं इंजेक्शन काढलं. कान गुणगुणायला लावणारं, सलाइनमधून थेंबाथेंबाने द्यायचं. सुई नर्सने लावली. खणात आणखी पाच बाटल्या उरल्या होत्या, आणि बाहेर गोळ्यांसाठी रांग लागली होती.

"गुण येईल?" बाबांनी विचारलं.

"जंतू फार झालेत, उशीर झालाय. आला तर येईल."

बाबांनी सलाइनची नळी सरळ केली. "थोरलीचा ताप तिसऱ्या आठवड्यात उलटला होता. काच मीच वाचली. तुम्ही 'नवा चावा' लिहिलंत आणि पुन्हा त्याच गोळ्या दिल्यात. हे औषध तेव्हा होतं?"

खोटं बोलावं असं बाईंना फार फार वाटलं.

"होतं. याच खणात."

म्हातारा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाटेच्या कडेला टेकला.

"थोरली गेली त्या दिवशी मी घरी जाऊन सुनेला नाही नाही ते बोललो, बाई. मच्छरदाणी नीट खोचत नाहीस, तू पोर घालवलीस म्हणालो. सगळ्यांसमोर. तेव्हापासून ती मान वर करून बोलत नाही. रात्री चार-चारदा उठते आणि या धाकटीची मच्छरदाणी खोचते."

बाईंनी दाराकडे पाहिलं.

"आत्ता बाहेर बसलीय, पोरीचा डबा घेऊन. मला विचारत होती, इथली जाळी तरी धड आहे ना? तुम्हीच सांगा तिला. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पहिलं दार उघडलं, दोन दारांमधल्या जागेत येऊन ते सवयीने घट्ट लावून घेतलं, आणि दुसऱ्या दाराच्या कडीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.