भेटायचंय का?

त्या बालगृहातल्या बावीस मुलींची ती मावशी होती, सख्खी मात्र कुणाचीच नव्हती. एकोणीस वर्षं तिनं तिथंच जिन्याखालच्या खोलीत काढली होती. रविवार उजाडला की तिला नको नको व्हायचं. दहा ते बारा भेटीची वेळ. ज्यांचं कुणी यायचं त्या मुली वेण्या घालून हॉलमध्ये बसत, बाकीच्या उगाच जिन्यावर वरखाली करत. मावशीकडेही कुणी येत नसे, पण जिने चढायला तिचे गुडघे धड नव्हते.

बारा वर्षांच्या मुकीचा काका मात्र न चुकता यायचा. मुकी काही मुकी नव्हती, कमी बोलायची म्हणून मुलींनी ठेवलेलं नाव. काका म्हणजे लाखात एक माणूस! आल्या आल्या विचारायचा, "ताई, गुडघा काय म्हणतोय?" जगात त्या गुडघ्याची चौकशी करणारा तो एकटाच. मावशी विरघळली. हॉलमध्ये गलका फार, म्हणून ती त्या दोघांना मागच्या व्हरांड्यात बसवू लागली. नियमात नव्हतं ते. पण भल्या माणसाला कसला आलाय नियम?

अशात नव्या अधीक्षकबाईंनी फर्मान काढलं. पाहुणा आला की आधी मुलीला बाजूला घेऊन विचारायचं, भेटायचंय का. आजवर मावशी पाहुण्यासमोरूनच हाक मारायची, "ये गं, काका आलेत!"

"नसती उठाठेव," ती पुटपुटली. "भुकेल्याला कुणी विचारतं का, जेवतोस का म्हणून?"

त्या रविवारी काका आला, तशी मावशी कपड्यांच्या खोलीत गेली. मुकी दर रविवारी नऊपासून तिथं चादरींच्या घड्या घालत बसायची. कामसू पोर, म्हणून मावशी चारचौघांत तिचं कौतुक करायची.

"काका आलेत," मावशी म्हणाली आणि पुढचं पाठ म्हटल्यासारखं म्हणून टाकलं, "भेटायचंय का? नाही म्हणालीस तरी चालेल."

मुकीचा हात थांबला. "खरंच चालतं?"

"बाई म्हणतात, चालतं."

"मग नाही." तिनं चादर छातीशी धरली. "मावशी, तुम्ही आधी का नाही विचारलंत?"

मावशीला एकेक आठवू लागलं. भेट झाली की पोर जेवायची नाही. 'काकांच्या आठवणीनं घास उतरत नाही बिचारीला,' असं हीच सगळ्यांना सांगत फिरायची. तिला स्वतःची किळस आली.

ती फाटकाशी गेली. "भेट होणार नाही. निघा."

"अहो ताई, गुडघा..."

तिनं त्याच्या तोंडावर फाटक लावलं. मग अधीक्षकबाईंसमोर उभी राहून सगळं सांगितलं. "व्हरांड्यात मीच बसवायचे," हेही सांगितलं. बाईंनी पोलिसांना फोन लावला. मावशीला लेखी समज मिळाली, ती तिला कमीच वाटली.

पुढच्या रविवारी दहा वाजता तिनं भेटीच्या वहीत स्वतःचं नाव लिहिलं आणि कपड्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मी आलेय. भेटायचंय का?"

मुकीनं हातातल्या चादरीची घडी पुरी केली. मग म्हणाली, "नाही."

"बरं," मावशी म्हणाली. ती हॉलमध्ये परत आली आणि बारा वाजेपर्यंत बाकावर एकटीच बसून राहिली.