बोटभर जागा

"बरणीला श्वास घ्यायला जागा ठेव गं पोरी! गळ्यापर्यंत कोंबलंस तर ती बोलेल कशी?"

मावशीचा हा आवाज धाकटीच्या कानात लहानपणापासून मुक्कामाला होता. मावशी टोमॅटोचा रस काचेच्या बरण्यांत भरायची, बरण्या पाण्यात उकळायची आणि निवायला ठेवायची. मग एकेक झाकण म्हणायचं, टुक्! टुक् म्हणजे झाकण आत ओढलं गेलं, बरणी घट्ट मिटली, वर्षाची चिंता मिटली.

गावच्या महिला मंडळात हे काम आणलं ते धाकटीनंच. परसापरसात टोमॅटो लालेलाल. खाऊन तोंडं विटायची, टोपली घेऊन कुणी येताना दिसलं की शेजारी दार लोटून घ्यायचे, आणि उरलेले मातीत जायचे. आता मंडळाच्या खोलीत मोठाली पातेली चढली होती.

पण मंडळाची कारभारीण होती तिची थोरली जाऊ. हात सढळ, जीभ धारदार, आणि कौतुकाच्या बाबतीत मात्र तोंडाला कुलूप. बरण्या तीच भरायची, अगदी काठोकाठ.

"उणी बरणी दिली तर लोक काय म्हणतील? चिक्कू मंडळ!"

पहिल्या खेपेला एकही झाकण बोललं नाही.

"रुसली वाटतं," एक म्हणाली.

"आमच्या ह्यांच्यासारखी. ढिम्म!" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. थोरलीनं खापर फोडलं झाकणवाल्याच्या माथ्यावर.

कारण धाकटीला ठाऊक होतं. पण थोरल्या जावेच्या सढळ हाताला चूक म्हणायचं, आणि संध्याकाळी तिच्याच शेजारी पोळ्या लाटायला बसायचं?

आज मात्र शेजारगावांची मंडळं बघायला आली होती. आजही झाकणं मुकी राहिली, तर या बाया घरी जाऊन सांगणार होत्या, हे आपलं काम नव्हे. आणि त्यांचे टोमॅटोही मातीतच जाणार होते.

थोरलीनं पहिली बरणी काठोकाठ भरली आणि दुसरीसाठी रसाची पळी उचलली. धाकटीनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"जाऊबाई, बोटभर कमी भरा."

"कमी? पाहुण्यांसमोर?"

"रस उकळला की फुगतो, काठावर येतो. मग झाकण धरत नाही. वरची जागा झाकणाची आहे, जाऊबाई. ती आपण भरायची नाही."

आता थोरलीची जीभ सुटणार म्हणून बायांनी पदर सावरले. थोरलीनं धाकटीकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं. मग बोटभर रस पातेल्यात परत ओतला आणि फडक्यानं काठ लख्ख पुसला.

बरण्या उकळल्या, निघाल्या, कापडावर ओळीनं बसल्या. जणू लाल लुगडी नेसून बाया फोटोला बसल्या! थोरली पाठ फिरवून पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत राहिली.

टुक्!

मग दुसरी बोलली. मग तिसरी. इथं टुक्, तिथं टुक्. पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर पडावेत तशी सगळी ओळ बोलायला लागली. बायांनी टाळ्या पिटल्या.

"कारभारीणबाई," पाहुण्यांतली एक म्हातारी थोरलीला म्हणाली, "आमच्याकडे शिकवायला तुम्हीच या बाई!"

थोरलीच्या हातातलं फडकं थांबलं.

"मी नाही, हिला न्या," ती म्हणाली. "माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा मी हिला शिकवायला बसले, आणि शिकत गेले मीच. हिला तेवढं सांगायचं राहिलं होतं."